आमच्या घरात बाप राहिला तो संपात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे वाचकांच्या पत्रांत, मुंबईच्या गिरणी कामगारांना सोडतीने जी घरं मिळतात त्यांबद्दल एक पत्र आलं होतं. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की, ज्यांनी गिरणीत घाम गाळला त्यांना घर मिळालं तर कोणाची ना नाही, पण त्यांच्या वारसांनी गिरणीचं दारसुद्धा पाहिलेलं नाही, मग त्यांना घर कशासाठी? गाडी लागायला अवकाश होता म्हणून स्टँडवर बसून ते पत्र मी दोनदा वाचलं. कंडक्टरने विचारलं, "तुमच्याबद्दल काय आलंय काय?" म्हटलं, तसंच समज.

मी त्या वारसांपैकी एक. वय पंचावन्न, एसटीत चालक, गाव संगमेश्वर तालुक्यात. नाव-गाव छापू नये ही विनंती. घरात वाद नकोत एवढंच कारण आहे.

पत्रलेखकांचं अर्धं बरोबर आहे. गिरणीचं दार मी एकदाच पाहिलं, तेही रस्त्याच्या पलीकडून. १९७९ साल असेल. आईच्या दुखण्यासाठी आम्ही आठ दिवस मुंबईला चुलत्यांकडे होतो. एका दुपारी चुलते मला गेटसमोर घेऊन गेले. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडायला लागली. एवढी माणसं एका दारातून येताना मी तोवर पाहिली नव्हती. त्यांत बाबा कुठले ते मला ओळखता येईना. एक पांढऱ्या केसांचा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी चुलत्यांच्या मागे लपलो. बाबा म्हातारे झाले असं मला वाटलं. मग त्यांनी टॉवेलने डोकं झटकलं, कापसाचे तंतू उडाले आणि खालून काळे केस निघाले. तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवरून त्यांच्या खात्यातला कोणी चालला होता. बाबांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर दोनदा आपटली आणि तळवा उलटा केला. तो माणूस हसला, हात वर करून गेला. ही खूण लक्षात ठेवा, मला पुढे तिच्याबद्दल विचारायचं आहे.

घराच्या अर्जाला पंधराएक वर्षं झाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता तो पात्र, अशी अट आहे. बाबा १ जानेवारीला कामावर होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला. म्हणजे ती तारीख धरून आमचा हक्क सतरा दिवसांचा. २०१२ ला पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची, आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. त्यामुळे नंबर लागेल या हिशेबावर मी काही बांधलेलं नाही. २०२३ ला पुन्हा कागद मागवले, तिकीट नंबर, ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर, फंडाचा नंबर, हजेरीपत्र, लाल पास, यांतलं जे असेल ते. तेव्हा बाबांची ट्रंक बावीस वर्षांनी उघडली. मृत कामगाराशी नाते या रकान्यात मी 'मुलगा' लिहिलं. त्याच्या पुराव्यालाही कागद लागतो, तो दिला.

पण पत्रातला तो 'वारस' शब्द मला दोन दिवस स्टिअरिंगवर पुरला. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत बाप सलग महिन्यापेक्षा जास्त घरी राहिला असेल, तर तो फक्त संपात.

पहिला संप आजोबांचा, १९२८ चा, गिरण्यांचाच. एप्रिलात सुरू झाला, ऑक्टोबरात मिटला. आजोबा तेव्हा विशी ओलांडलेले, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. मुंबईत खायचे वांधे झाले म्हणून गावाला आले, लावणी केली आणि कापणीच्या तोंडावर परत गेले. थोरली आत्या पुढल्या वर्षी जन्मली. तिची तारीख कोणाला ठाऊक नव्हती. कोणी वय विचारलं की आजी म्हणायची, "ती संपातली." आत्याच्या वयाच्या संपातल्या आणखी तिघी-चौघी आमच्या वाडीत होत्या. आजोबांच्या संपाबद्दल आमच्याकडे एवढीच माहिती उरली आहे. आत्याला विचारलं होतं, तुला आजोबा कसे आठवतात? ती म्हणाली, "मनीआर्डरसारके." मला वाटलं थट्टा करते, पण ती भाजी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही.

बाबा अठराव्या वर्षी गिरणीत गेले. आधी बदली. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. कायम झाल्यावर साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोन साचे (माग) त्यांच्याकडे. राहायला गावकीची खोली होती, खोलीवर तीसेक नावं, आणि झोपायचं पाळीप्रमाणे. प्रत्येकाला भिंतीत एक खिळा आणि एका ट्रंकेपुरती जागा. गावाला यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला, दोन्ही मिळून महिना. पहिले दोन दिवस मी आईच्या मागे असायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळ जायचो. जरा रुळेपर्यंत त्यांच्या परतीची एसटी आलेली असायची. तेव्हापासून मला एसटीचा ड्रायव्हर म्हणजे बाबांना घेऊन जाणारा माणूस वाटायचा, आणि पुढे मी तेच झालो.

बाकीचे अकरा महिने बाबा म्हणजे मनीऑर्डरचं कूपन. त्यावर चार ओळी लिहायला जागा असायची. आईला वाचता येत नव्हतं, दुसरीत गेल्यापासून वाचायचं काम माझ्याकडे. "पैसे पोचल्याचे कळवणे. पावसाआधी घर शाकारून घेणे. मुलगा शाळेत जातो का." मी मोठ्याने वाचायचो, 'मुलगा शाळेत जातो का', आणि आई मला विचारायची, "जातोस ना? मग लिही, जातो." मी कार्डावर लिहायचो, मुलगा शाळेत जातो. माझ्याच हाताने, माझ्याबद्दल, जणू शेजारच्या कोणाचं लिहितोय.

१९८२ च्या शिमग्याला बाबा ट्रंक घेऊन आले. एरवी त्यांच्या हातात पिशवी असायची. आईने ट्रंक पाहिली आणि काही न बोलता पाणी तापत ठेवलं. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, डॉ. दत्ता सामंत पुढारी होते. मागण्या पगाराच्या होत्या, बदलीवाल्यांना कायम करा अशी होती, आणि १९४६ च्या ज्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता देऊन ठेवली होती, तो कायदा काढा अशीही होती. हे सगळं मला नंतर कळलं. बारा वर्षांच्या पोराला कळलं ते एवढंच, की मनीऑर्डर बंद झाली आणि तिच्या जागी बाबा आले.

सुरुवातीला मजा होती. आमच्या वाडीत बायका, म्हातारे आणि पोरंच असायची. एकदम बाप्ये झाले. संध्याकाळी कबड्डी, रात्री भजन. पुढच्या महिन्यात मिटतोय असं जो तो सांगायचा. मग पाऊस आला, लावण्या झाल्या, गणपती झाले, आणि बांधावर बसलेली माणसं संप मिटण्याचं बोलायची थांबली. घरात चहाची पावडर बंद झाली. आईच्या पाटल्या गेल्या. बाबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दोन साच्यांचा कारागीर, बोटं बायकांसारखी मऊ. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातांना एवढे फोड आले की आईला भात कालवून द्यावा लागला. ते माझ्यासमोर व्हायचं म्हणून मला आधी जेवायला घालून बाहेर पाठवायचे. त्या खडीच्या रस्त्यावरून आज माझी गाडी जाते. रस्ता तेव्हापासून तीनदा झाला आहे, वळण मात्र तेच.

इथे एक कबुली द्यायची आहे. १९८३ च्या शिमग्यात पालखी सहाणेवर बसली होती. गुरव एकेकाचं गाऱ्हाणं घालत होता. मी माझं मनातल्या मनात घातलं. बाबांना परत मुंबईला ने, तुला नारळ ठेवीन. मी तेरा वर्षांचा होतो. बाबांनी मला मारलं होतं असं नाही, कधीच मारलं नाही. पण ते घरात बसले की आई हळू बोलायची, भांडं वाजलं की सगळे दचकायचे, आणि ते खळ्याच्या टोकाला वाटेकडे तोंड करून बसले असले की मला दुसऱ्या वाटेने घरात शिरावंसं वाटायचं. बाबा मुंबईला असताना घर भरलेलं होतं. ते आले आणि घर रिकामं झालं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा असंच होतं.

तो संप अधिकृतपणे कोणी मागे घेतलाच नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, तेरा गिरण्यांचा ताबा १९८३ ला सरकारने घेतला, कोणाकोणाला परत बोलावलं. बाबांच्या गिरणीतून बाबांना बोलावणं आलं नाही. त्यामुळे माझा नारळही राहिला.

आता त्या खुणेबद्दल. सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा मी दिली होती. निकाल आला तेव्हा केंद्रात मी पहिला होतो. गुरुजींनी शाबासकी दिली, मी शाळेपासून घरापर्यंत पळत आलो. बाबा पडवीत बाजेची सुतळी ओवत बसले होते, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "बाबा, मी पहिला आलो." ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, अजून मोठ्याने. सुतळी ओढताना त्यांना माझी सावली दिसली असावी, तेव्हा वळले, माझ्याकडे पाहिलं, दोन बोटं मनगटावर दोनदा आपटली, तळवा उलटा केला, आणि पुन्हा बाजेकडे वळले. मी त्याचा अर्थ लावला, मला वेळ नाही, जा. मनगट म्हणजे घड्याळ, उलटा तळवा म्हणजे संपलं. निकालाचा कागद मी कणगीमागे खोचला. त्यानंतर बाबांना आपणहून काही सांगायला मी गेलो नाही. दहावी झालो ते त्यांना आईने सांगितलं. एसटीत लागलो ते मी सांगितलं, पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सांगणं भाग होतं.

आणि हेच बाबा बांधावर बसून वाडीतल्या पुरुषांशी तासन् तास बोलायचे, राजकारण बोलायचे. मी ते लांबून पाहायचो. म्हणजे यांना बोलता येतं, फक्त माझ्याशी आणि आईशी बोलायचं नाही, असा हिशेब मी केला आणि तो अठरा वर्षं सांभाळला.

१९९७ च्या जानेवारीत, १६ तारखेला, डॉक्टर सामंतांना पवईत गोळ्या घातल्या. संध्याकाळी रेडिओवर ऐकलं कोणी तरी आणि सांगत आलं. बाबा उठले, विहिरीवर गेले आणि भर थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकाची अंघोळ. ओल्या अंगाने बराच वेळ विहिरीपाशी उभे होते. मी टॉवेल घेऊन गेलो. त्यांनी तो घेतला नाही, खांद्यावर टाकून घेतला फक्त. बापलेक म्हणून इतकं जवळ आम्ही त्याआधी कधी उभे राहिलो होतो ते मला आठवत नाही. २००१ ला बाबा गेले.

२०१४ ला माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानावर ते लावून आवाज ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायचं. मग आलेख दाखवला. एका जागी रेघ जरा खाली गेली होती. इंजिनाजवळ बसून होतं म्हणाले, फार नाही, सांभाळा. आणि सहज विचारलं, घरात कोणाला बहिरेपण? म्हटलं, नाही. वडील गिरणीत होते, साच्यावर, पण त्यांना ऐकू यायचं. डॉक्टर हसले. म्हणाले, साच्यावर पंचवीस-तीस वर्षं काढली म्हणजे ऐकू येत नसणार. मात्र सगळंच जात नाही. आधी बारीक आवाज जातो. बायकांचा, लहान मुलांचा. पुरुषांचं जाड बोलणं कळत राहतं, त्यामुळे त्या माणसालाही वाटतं आपले कान चांगले आहेत, घरातलेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

मी दवाखान्याच्या बाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसलो. चार वाजताची ड्युटी होती, फोन करून दुसऱ्याला दिली. सतरा वर्षांच्या नोकरीत अशी ड्युटी मी तेव्हाच पहिल्यांदा सोडली.

पुढल्या रजेत वाडीतल्या एका जुन्या गिरणीवाल्याकडे गेलो. ते बाबांच्याच गिरणीत, पण रिंगखात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात होते. त्यांनी सांगितलं, साचेखात्यात मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा एवढा खडखडाट की शेजारी उभ्या माणसाला हाक ऐकू येत नसे. सगळा कारभार ओठांवरून आणि हातांवरून. जॉबर म्हणजे मुकादम आला, धागा तुटला, चहाला चल, सगळ्याच्या खुणा. मी ती खूण करून दाखवली आणि विचारलं, याचा अर्थ काय? त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "बापसाचो हात असोच हालायचो. पण ती साचेवाल्यांची भाषा, आमका नाय कळायची."

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की सगळा दोष साच्यांच्या आवाजाचा. मलाही काही दिवस तसं वाटलं, आणि बरं वाटलं. पण माझे कान शाबूत आहेत, आणि मी काय केलं ते सांगतो.

एसटीत वस्तीची गाडी असते. संध्याकाळी निघायचं, रात्री शेवटच्या गावात मुक्काम, पहाटे पहिली फेरी घेऊन परत. देवळासमोर गाडी लावायची, मागच्या बाकावर अंथरूण. नव्या लग्नाचे ड्रायव्हर वस्ती टाळतात. मी मागून घ्यायचो. ही लोकांना सांगायची, यांच्या नशिबी वस्तीच येते. मी कधी दुरुस्त केलं नाही. वर्षानुवर्षं मी घरापासून तासाभराच्या अंतरावर गाडीत झोपत होतो आणि झोप चांगली लागत होती. एका वस्तीच्या गावात एक पोरगा होता, सात-आठ वर्षांचा. गाडी लागली की धावत यायचा. त्याला मी हॉर्न वाजवू द्यायचो, गिअर कसे पडतात ते सांगायचो, कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे शिकवलं होतं. त्याची परीक्षा कधी, त्याच्या गायीला काय झालं, मला सगळं ठाऊक असायचं. माझा मुलगा त्याच वयाचा होता तेव्हा. त्याच्या वर्गशिक्षकांचं नाव विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं.

मग आमचा संप आला, एसटी सरकारात विलीन करा म्हणणारा. २०२१ च्या दिवाळीत आम्ही गाड्या उभ्या केल्या, ते २०२२ च्या एप्रिलात, उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीच्या आत, पुन्हा हजर झालो. साडेपाच महिने. संप बरोबर होता की चूक यावर आपल्याकडे पत्रांचे ढीग आलेच असतील, त्यात भर घालत नाही. मी घरी होतो, एवढंच इथे कामाचं आहे. मुलाचं बारावीचं वर्ष. पगार नाही. हिने बचत गटातून उचल घेतली. मी कधी कोणाची बदली गाडी चालवली, आंब्याच्या पेट्या वाहिल्या. बाकी वेळ खळ्याच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून. मला ते कळतही नव्हतं. एक दिवस थोरल्या आत्याची मुलगी आली होती, तिने लांबून पाहिलं आणि दारातच थबकली. म्हणाली, "मामा बसलेत असंच वाटलं."

मार्चात, पेपर चालू असताना, एका रात्री जेवताना मुलाने विचारलं, "तुम्ही ड्युटीवर कधी जाणार?" सरळ प्रश्न होता. मला तो टोमणा वाटला. मी ताट सरकवलं आणि उठलो. दुसऱ्या दिवशी हिला विचारलं, तो असं का बोलला? ही म्हणाली, "टोमणा नाही तो. मला सांगत होता, बाबा घरी असले की पोटात गोळा येतो, अभ्यास होत नाही."

मी हिला माझ्या नारळाचं तोवर सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मग ठेवून या की." नाही ठेवला. कशासाठी म्हणून ठेवणार होतो, बाबांना परत नेलं म्हणून? की नेलं नाही म्हणून?

मुलगा बारावी झाला, पुढे आयटीआय केलं आणि गेल्या वर्षी चाकणकडे एका कारखान्यात कंत्राटी लागला. प्रेसवर आहे, पत्रे कापायचं काम, तीन पाळ्या. निघाला त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली आणि स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुरू झाली. मी खिडकीखाली उभा राहून विचारलं, "कंपनीत कानात घालायला देतात का रे काही?" इंजिनाचा आवाज होता. त्याला ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल. त्याने खिडकीतून हात काढला, दोन बोटं मनगटावर दोनदा आपटली, तळवा उलटा केला. गाडी गेली.

बाबा गेले २००१ ला. हा जन्मला २००४ ला. याने बाबांचा फोटोसुद्धा एकच पाहिलाय, ओळखपत्राच्या आकाराचा. घरी येऊन हिला विचारलं, ही खूण याने कुठून उचलली? ती म्हणाली, "तुम्ही रोज करता. पोरगा काही सांगायला आला की करता." मी म्हटलं, मी नाही करत. तेव्हा तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

त्या रात्री मी त्याला फोन करून तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणाला, देतात, पण घातलं की शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून काढून ठेवतो. मी म्हटलं, घालत जा. कारण विचारलं त्याने. मग त्याच्या आजोबांचं सांगितलं, बाजेचं, निकालाचं. पाळीवर जायची वेळ झाली म्हणाला, पण फोन त्याने ठेवला नाही, चालता चालता ऐकत होता. मागे गाड्यांचे आवाज येत होते. नेहमी चाळीस सेकंदांत मी फोन हिच्याकडे देतो, त्या दिवशी तिला मागून घ्यावा लागला.

तर पत्रलेखकांना उत्तर म्हणून हे पुरतं की नाही मला माहीत नाही. घर त्यांना द्यावंसं वाटत नसेल तर त्यांचं मत त्यांच्यापाशी. पत्र लांबलंय, वाटेल तिथे कात्री लावावी. फक्त पुढचा परिच्छेद जमल्यास पूर्ण छापावा, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

आपल्या वाचकांत मुंबईच्या कुठल्याही गिरणीच्या साचेखात्यात काम केलेले कोणी असतील, आज सत्तर-ऐंशीच्या घरात असतील, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी विचारून कळवावं. उजव्या हाताची पहिली दोन बोटं डाव्या मनगटावर दोनदा आपटायची आणि लगेच उजवा तळवा उलटा करायचा. पाळी चालू असताना कोणी कोणाला असं केलं तर त्याचा अर्थ काय व्हायचा? आत्ता नाही, असा? की पाळी सुटल्यावर बोलू, असा? १९७९ ला गेटसमोर बाबांनी हीच खूण केली तेव्हा समोरचा माणूस हसला होता, एवढं मला पक्कं आठवतं. रिंगखात्यातल्यांनी कृपया अंदाज कळवू नयेत.

आपला,
एक एसटी चालक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी